ऊस, द्राक्षं आणि हळद

सांगलीत हरभट रोडजवळ आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. चाचणी परीक्षा जवळ आल्या की प्रश्नपत्रिकांची रीघ लागते. त्या दिवशी नववीचं गणित होतं, संच हे प्रकरण. सरांनी प्रश्न आपल्या मुलुखातलाच घातलेला: ऊस, द्राक्षं आणि हळद घेणाऱ्या शेतकऱ्यांची तीन वर्तुळं. ऊस आणि द्राक्षं दोन्ही घेणारे, पण हळद न घेणारे, एवढाच भाग छायांकित हवा होता. तो कोणता संच, ते मुलांनी लिहायचं.

मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन वर्तुळं काढली, काळा रंग भरला आणि अपारदर्शकता 50 टक्क्यांवर आणली. एकमेकांवर आलेला भाग आपोआप गडद झाला. स्क्रीनवर ठीक वाटलं, म्हणून दीडशे प्रती काढून दिल्या.

संध्याकाळी सर परत आले. आवाज न चढवता एक प्रत माझ्यापुढे ठेवली. "ताई, यात छायांकित भाग कुठला? पोरांनी काय लिहायचं?"

बघितलं आणि पोटात गोळाच आला. 50 टक्क्यांचे दोन थर एकावर एक आले की 75 टक्के काळं होतं, तीन आले की 87.5. त्यामुळे हव्या त्या एकाऐवजी चारही छेद गडद झाले होते, आणि झेरॉक्समध्ये तेवढाही फरक न राहता सगळा मधला भाग एकसारखा काळपट आला होता. पारदर्शकतेनं सगळेच छेद दिसतात, हवा तो एकच निवडता येत नाही. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

हवा तो तुकडा कापूनच काढायला हवा होता. ऊस आणि द्राक्षांची वर्तुळं निवडून कंट्रोल-डीनं नकला केल्या. (ही पायरी चुकली की मूळ वर्तुळंच जातात आणि दोघांचा नुसता सामायिक, भिंगासारखा तुकडा उरतो.) नकलांवर पाथ मेनूतलं इंटरसेक्शन, म्हणजे फक्त सामायिक भाग ठेवणारी आज्ञा, चालवलं, भिंग मिळालं. मग हळदीच्या वर्तुळाची नक्कल त्या भिंगाच्या वर आणून डिफरन्स. वरचा आकार खालच्यातून वजा होतो, म्हणून कोण वर आहे हे बघावंच लागतं. मूळ वर्तुळांचा रंग काढून फक्त कडा ठेवल्या आणि तुकड्यात राखाडीऐवजी तिरप्या रेघा भरल्या. रेघा झेरॉक्समध्ये टिकतात.

सर शेजारी स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "तर्कशास्त्रज्ञ जॉन वेननं 1880 साली ही आकृती मांडली, तेव्हा तो रिकामा भाग छायांकित करायचा. आपण दाखवायचा तो भाग करतो. कसंही असो, छायेवरच सगळा अर्थ ठरतो."

पहिली प्रत निघाली. सरांनी रेघांवर पेन्सिल टेकवली. "उसात आहे. द्राक्षांत आहे. हळदीत नाही." मग कागद माझ्याकडे सरकवला. "काढा दीडशे."