तीन आलेख, एकच टक्केवारी

जीवनचक्र मूल्यमापनात, म्हणजे एखाद्या उत्पादनामुळे पर्यावरणावर किती भार पडतो याच्या हिशेबात, मोठी चूक झाली तर ती योगदानाच्या आलेखात, म्हणजे त्या भारात कशाचा किती टक्के वाटा आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, कुठेतरी डोकावतेच, असा माझा बरीच वर्षे समज होता. तो एका क्लोर-अल्कली प्रकल्पाच्या अहवालाने मोडला, आणि त्या अहवालावर तपासणीची सही माझीच होती.

मिठाच्या द्रावणातून वीज सोडली की क्लोरीन, कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन ही तिन्ही उत्पादने एकाच सेलमधून बाहेर पडतात. त्यांचे प्रमाण रसायनशास्त्रानेच बांधून दिलेले आहे. 1 किलो क्लोरीनमागे 1.128 किलो कॉस्टिक आणि जेमतेम 28 ग्रॅम हायड्रोजन मिळतो, आणि यांतले एक वाढवून दुसरे कमी करण्याची सोय नाही. आमच्या मॉडेलमध्ये या सगळ्यासाठी सेलमध्ये 2.4 युनिट वीज खर्च होत होती. गिऱ्हाईकाला तिन्ही उत्पादनांचा प्रत्येक किलोमागचा कार्बन-भार हवा होता, आणि त्यातही हायड्रोजनचा आकडा त्यांना घाईने हवा होता.

अहवाल पाठवायच्या दिवशी सकाळी माझा धाकटा सहकारी टेबलापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, एक किलो हायड्रोजनला जवळपास 86 युनिट वीज दिसते आहे. पाण्याचे विद्युत अपघटन करून तो तयार केला तरी 50-55 युनिटांत होतो. इथे तर तो क्लोरीनबरोबर आपसूक मिळतो."

मी आधी आलेख उघडले, कारण आठवडाभरापूर्वी मी तेच पाहून मान डोलावली होती. तिन्ही उत्पादनांच्या आलेखांत विजेचा वाटा सर्वांत मोठा होता, खालोखाल वाफ आणि मग मीठ. तिन्ही आलेख दशांशापर्यंत तंतोतंत सारखे होते. त्या वेळी मला ते सुसंगतीचे लक्षण वाटले होते. मग गणनेची खिडकी उघडली, तर वाटपाच्या, म्हणजे सामाईक भार उत्पादनांमध्ये वाटून देण्याच्या, पद्धतीसमोर 'काहीही नाही' हा पर्याय निवडलेला होता. ज्या उत्पादनासाठी गणना चालवावी, त्याच्या पदरात सॉफ्टवेअर सेलचा सगळा भार टाकत होते आणि बाकीच्या दोघांना फुकट सोडत होते. क्लोरीनच्या नावावर 2.4 युनिट, कॉस्टिकच्या नावावर तेच 2.4 आणि 28 ग्रॅम हायड्रोजनच्या नावावरही तेच 2.4. म्हणजे कारखान्याने एकदा वापरलेली वीज आम्ही तीनदा मोजली होती.

आयएसओ 14044 या जीवनचक्र मूल्यमापनाच्या 2006 च्या मानकात स्पष्ट म्हटले आहे की, वाटून दिलेल्या भारांची बेरीज वाटपापूर्वीच्या भाराइतकीच भरली पाहिजे. प्रत्येक उत्पादनाचा दर किलोचा आकडा त्याच्या उत्पादित किलोंनी गुणून बेरीज करायची, एवढेच ते काम. ते करायला मला चार मिनिटे लागली, आणि ती चार मिनिटे मी आठवडाभरापूर्वी दिली नव्हती.

वस्तुमानानुसार वाटप लावून गणना पुन्हा चालवली. क्लोरीनला 46.4 टक्के, कॉस्टिकला 52.3 आणि हायड्रोजनला 1.3 टक्के भार आला. बेरीज जुळली, हायड्रोजनची वीज 86 वरून 1.1 युनिटांवर उतरली, पण योगदानाचे आलेख होते तिथेच राहिले. माझ्या वरिष्ठांनी दोन्ही पाने शेजारी ठेवून विचारले, "यात बदलले काय?" प्रश्न रास्त होता. प्रक्रियेतल्या वीज, वाफ, मीठ या सगळ्यांना एकाच गुणकाने गुणले, तर तो गुणक अंशातही येतो आणि छेदातही, आणि टक्केवारी काढताना निघून जातो. वाटप बरोबर असो, चूक असो किंवा मुळात केलेलेच नसो, तो आलेख तसाच दिसणार होता.

आलेख वेगळे व्हायचे असतील तर प्रक्रियाच फोडावी लागते, आणि वाटप शक्यतो टाळावे असे सांगताना मानकही हाच मार्ग आधी सुचवते. सेलमधून कॉस्टिक साधारण 32 टक्क्यांचे निघते आणि बाष्पीभवन करून ते 50 टक्क्यांवर नेतात. ती वाफ निव्वळ कॉस्टिकची आहे, पण आमच्या मॉडेलमध्ये ती सामाईक खात्यात पडली होती. ती वेगळी काढताच कॉस्टिकच्या योगदान-वृक्षाला (तेच वाटे, पण फांद्यांच्या रूपात मांडलेले) वाफेची स्वतंत्र फांदी फुटली आणि क्लोरीनच्या वृक्षातून ती नाहीशी झाली.

हायड्रोजनचा 1.1 युनिटाचा आकडा मात्र मला पटेना. एक किलो हायड्रोजन जाळला तर 33.3 युनिट उष्णता मिळते, मग त्याच्या वाट्याला एवढीशी वीज कशी? बेरीज भरते म्हणून नियमाला हरकत नाही, पण बुद्धीला आहे. वस्तुमानाऐवजी मोलच्या, म्हणजे रेणूंच्या, संख्येवर वाटप केले तर हायड्रोजनला चौथा हिस्सा जातो आणि दर किलोची वीज सुमारे 21 युनिटांवर येते. उष्णतामूल्यावर केले तर तिघांपैकी जळणारा तो एकटाच असल्याने सगळा भार त्याच्याच डोक्यावर बसतो, आणि आम्ही पुन्हा 86 वर जाऊन पोहोचतो. असे पर्याय असतील तेव्हा संवेदनशीलता, म्हणजे पद्धत बदलली की आकडा किती बदलतो ते, तपासावी लागते, म्हणून आम्ही तिन्ही आकडे तक्त्यात मांडले आणि पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात आधीच्या मसुद्यातली चूक, माझ्या सहीसकट, कबूल केली.

संध्याकाळी गिऱ्हाईकाचा फोन आला. चुकीबद्दल ते फारसे बोलले नाहीत. तीन आकड्यांपैकी खरा कोणता, एवढेच त्यांना हवे होते. बोलता बोलता मी विचारले की हा हायड्रोजन सध्या जातो कुठे. उत्तर आले, "बॉयलरमध्ये जाळतो. त्याचीच वाफ कॉस्टिकला वापरतो. पुढे विकायचा विचार आहे, म्हणून तर आकडा मागितला."

म्हणजे आजच्या घडीला हायड्रोजन हे त्या कारखान्याचे बाहेर जाणारे उत्पादनच नव्हते आणि वाटप फक्त दोघांत करायचे होते. उद्या तो विकला तर बॉयलरला दुसरे इंधन लागणार होते. ते नैसर्गिक वायूचे असेल, तर विकलेल्या प्रत्येक किलो हायड्रोजनमागे, बॉयलरची कार्यक्षमता तीच धरून, साडेसहा किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड नव्याने हवेत जाणार होता. आमच्या तीनपैकी एकाही योगदान-वृक्षात ती फांदी नव्हती, कारण तो वायू आज कोणी जाळतच नव्हते. मी सहकाऱ्याला थांबवून घेतले आणि आम्ही मॉडेल पुन्हा उघडून हायड्रोजनची ओळ उत्पादनांच्या यादीतून काढून बॉयलरच्या इंधनात नेली.