माझा एच-इंडेक्स कमी कसा झाला

पदोन्नतीच्या अर्जात एक चौकोन होता: ‘एच-इंडेक्स’, म्हणजे आपले शोधनिबंध इतरांनी किती उद्धृत केले याचं एक माप. जेमतेम दोन अंक मावतील एवढी जागा. आकडा कुठून घ्यायचा, कुठल्या तारखेचा, याबद्दल अक्षर नाही. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. तीन आठवडे गेले.

मी मूळची गणितातली, आलेख सिद्धांतातली. पीएचडीनंतर वैद्यकीय प्रतिमांच्या सांख्यिकीकडे वळले आणि आता बरंचसं काम संगणकशास्त्रातल्या परिषदांमध्ये छापून येतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी तर तीन घरची.

शोधनिबंधांची आणि त्यांच्या संदर्भांची नोंद ठेवणाऱ्या तीन ठिकाणी पाहिलं. गूगल स्कॉलर म्हणत होतं २१, स्कोपस १३, वेब ऑफ सायन्स १२. माणूस एक, निबंध तेच. एच-इंडेक्स २१ म्हणजे किमान २१ निबंधांना प्रत्येकी किमान २१ सायटेशन्स, म्हणजे इतर निबंधांनी दिलेले संदर्भ. साहजिकच मोठा आकडा आवडला. गेल्या वर्षीच्या वार्षिक अहवालात तोच लिहिलाही होता. या वेळी मात्र पुरावा जोडायचा म्हणून यादी उघडली, आणि वरून चौथा निबंध हिरड्यांच्या आजारावरचा निघाला. मी दातांवर एक ओळ लिहिलेली नाही.

माझ्या एका नामबंधूचे अकरा निबंध माझ्या खात्यात येऊन बसले होते. नवे लेख आपोआप जोडायची सोय मी चालू ठेवली होती आणि वर्षानुवर्षं तिकडे पाहिलंच नव्हतं. एकेक काढत गेले. खोटं कशाला बोलू, प्रत्येक वेळी बोट जरा अडखळलं. आकडा १८ वर आला.

स्कोपसवर उलटी गत. माझी दोन प्रोफाइलं होती, एक पूर्ण नावाचं आणि एक नुसत्या आद्याक्षरांचं. दुसऱ्यात सात निबंध एकटे पडले होते, त्याचा एच-इंडेक्स ५. दोन्ही जोडण्याची विनंती पाठवली. १३ आणि ५ मिळून १८ होतील असं मनात होतं, पण एच-इंडेक्सची बेरीज होत नाही, झाले १५. ऑर्किडचा, म्हणजे नावसारख्या संशोधकांत गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येकाला मिळणारा, सोळा अंकी क्रमांक तेव्हाच काढला. ही सोय २०१२पासून आहे. मी तो सुरुवातीलाच काढून प्रत्येक निबंधासोबत दिला असता, तर यातला बराच व्याप वाचला असता.

वेब ऑफ सायन्सच्या १२ ला मी हात लावला नाही. परिषदांमधले निबंध तिथे तुलनेने कमी येतात, आणि संगणकशास्त्रात महत्त्वाचं काम परिषदांमध्येच छापतात.

खरा धक्का पुढे होता. आमच्या ग्रंथपालांनी विचारलं, “मॅडम, क्षेत्रानुसार भारित आकडा पाहिलात का?” त्यात त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या निबंधांना सरासरी किती सायटेशन्स मिळाली हे काढून आपली त्याच्याशी तुलना करतात. १ म्हणजे जगाची सरासरी. माझ्या एका वैद्यकीय निबंधाला पहिल्या चार वर्षांत १४ सायटेशन्स मिळाली होती. त्याचा आकडा आला ०.९. आलेख सिद्धांतातल्या एकाला तेवढ्याच काळात ५, त्याचा १.६. ज्याची मला लाज वाटायची तोच सरासरीच्या वर होता! गणितज्ञ संदर्भ थोडे देतात, सावकाश लिहितात, आणि निबंध दहा वर्षांनीही वाचला जातो. वैद्यकात लिहिणारे भरपूर आणि संदर्भसूच्या लांबलचक. अर्थात एकेका निबंधावर या आकड्याचाही फार भरवसा धरू नये, एखाददुसऱ्या सायटेशनने तो उडी मारतो.

एच-इंडेक्स सुचवणारे हर्श हे भौतिकशास्त्रज्ञ. २००५च्या त्या लेखात त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा मोठे येतात. अर्जाचा नमुना करणाऱ्यांपर्यंत हे पोचलं नसावं.

आणखी एक गंमत. माझा सर्वांत जास्त उद्धृत निबंध कुठला, तर दोन आठवड्यांत लिहिलेली, सॉफ्टवेअर कसं वापरावं सांगणारी टिपण. प्रथिनं मोजण्याची पद्धत सांगणाऱ्या लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१च्या निबंधाला तीन लाखांहून अधिक सायटेशन्स आहेत हे कळल्यावर जरा बरं वाटलं. पद्धत सगळ्यांनाच लागते. पण ज्या प्रमेयासाठी मी चार वर्षं झुरले, ते यादीत तळाशी.

शेवटी चौकोनात स्कोपसचे १५ लिहिले. पुरवणी पानावर स्रोत, तारीख, तिन्ही विषयांतले निबंध वेगवेगळे आणि प्रत्येक विषयातल्या एका निबंधाचं साध्या भाषेत वर्णन दिलं. सर्वांत जास्त वेळ त्या वर्णनांनीच खाल्ला.

दहा दिवसांनी छाननी करणाऱ्यांचा फोन आला. “मॅडम, गेल्या वर्षी तुमचे २१ होते. हा आकडा कधी कमी होत नाही ना?”

मग मी त्यांना हिरड्यांपासून सांगायला सुरुवात केली.