कबुतरं खाणारा ससाणा

एप्रिल सरत आला की दवाखान्यात पक्षी यायला लागतात. सोलापूरचा पारा 43 च्या आसपास गेला की घारी, बगळे, पोपट, कुणीही पडतं. सावली आणि पाणी मिळालं की बरेचसे सावरतात. त्यामुळे वनरक्षक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला आणि "सर, उन्हानं पडलाय" म्हणाला, तेव्हा मी आधी हातातली शेळी उरकली.

खोक्यात लग्गर ससाणा होता. उघड्या माळाचा पक्षी, पण शहरातल्या उंच जुन्या इमारतींवरही बसतो. हा एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात सापडला होता. उचलला तर छातीचं हाड बोटाला टोचलं. उन्हानं पडलेला पक्षी एका दिवसात इतका वाळत नाही. मांसाचा तुकडा पुढे केला. त्यानं झडप घालून घेतला, मान झटकली आणि टाकून दिला. पुन्हा दिला, पुन्हा तेच. म्हणजे भूक होती, गिळताच येत नव्हतं.

चोच उघडली तसा घाण वास आला. टाळूवर आणि जिभेच्या मुळाशी खरवसाच्या वडीसारखा पिवळट थर चढला होता.

"बर्ड फ्लू नाही ना सर?" वनरक्षक दोन पावलं मागे सरकला.

बर्ड फ्लू असा दिसत नाही. पण देवीचा घशातला प्रकार, बुरशी, 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता यांतही तोंडात असेच थर येतात, त्यामुळे नुसत्या नजरेवर भरवसा नको. थर खरवडून काढायचा मोह होतो, तो आवरावा; खाली रक्ताळ मांस असतं. कोमट सलाईनमध्ये भिजवलेला बोळा कडेनं फिरवला आणि लगेच काचेवर घेतला. लगेच अशासाठी, की नमुना गार पडला किंवा वाळला की त्यातले सूक्ष्म जीव हलायचे थांबतात, आणि न हलणारे ओळखणं फार अवघड. भिंगाखाली ते आचके देत, गिरक्या घेत पळत होते. पुढच्या टोकाला कशाभिकांची, म्हणजे चाबकासारख्या बारीक धाग्यांची वळवळ. ट्रायकोमोनास गॅलिनी. मुळात कबुतरांचा परजीवी.

ससाणा ज्यांना सापडला ते गिरणीचे राखणदार मामा बाकावर बसले होते. "ह्यो आमच्याच कबुतरांवर येतोय की डॉक्टर. पर आमची कबुतरं झकास हायेत बगा, एक बी आजारी न्हाई."

संध्याकाळी दोन कबुतरं पिशवीत घालून घेऊन या, असं सांगितलं. आणली. गुबगुबीत, डोळे स्वच्छ, तोंडात डाग नाही. घशातला बोळा काचेवर घेतला तर दोन्हींत तेच जीव, सकाळच्याइतकेच चपळ. मामांनाही भिंगातून दाखवलं. ते बराच वेळ डोळा लावून होते.

मोठ्या कबुतराच्या घशात आणि अन्नपिशवीत हा परजीवी बहुधा काही न करता राहतो. पिल्लांना ते अन्नपिशवीतलं दूध भरवतं, त्यातून पुढची पिढी बाधित होते. पाण्याच्या एकाच भांड्यात चोची बुडाल्या की होल्यांपर्यंत जातो. आणि कबुतर खाणाऱ्याला तर तो घासाबरोबरच मिळतो. आपल्या सह्याद्रीत कड्यांवर घरटं करणारी मोरघार स्पेनमध्येही आहे. तिकडच्या डोंगरकड्यांवर तिची पिल्लं याच रोगानं मरताना अभ्यासकांनी पाहिली. आईबापांनी आणलेलं कबुतरच त्यांना भोवलं.

"मंग मारून टाकायची का कबुतरं?" मामांनी विचारलं. आवाज पडला होता.

मी त्यांना मॉरिशसचं सांगितलं. (तिथं मराठी माणसं आहेत म्हटल्यावर त्यांना रोगापेक्षा त्याचंच जास्त अप्रूप वाटलं.) तिथल्या डोंगराळ जंगलातलं गुलाबी कबुतर 1990 च्या सुमारास रानात जेमतेम दहाएक उरलं होतं. माणसांनी वाढवून सोडली, आता काहीशे आहेत. पण त्यांची पिल्लंही याच ट्रायकोमोनासनं मरतात, आणि त्याच जंगलातल्या मादागास्करी होल्यांच्या घशातही तो सापडतो. म्हणजे तिथं मरणारंही कबुतरच. मारून किती मारणार? त्यापेक्षा पाण्याचं भांडं रोज घासायचं, उन्हात कोरडं करायचं, मग भरायचं. वाळलं की हा परजीवी टिकत नाही, आणि सोलापुरात उन्हाला काय तोटा! ज्वारीही ढिगानं टाकू नका म्हटलं. ते मात्र मामांना पटलं नाही.

ससाण्याला या परजीवीवरचं औषध, मेट्रोनिडॅझोल, सुरू केलं आणि नळीनं पातळ खाणं दिलं. थर हळूहळू सुटत गेला, टाळू शाबूत निघाली. हे नशीब, पुष्कळदा तोवर हाडापर्यंत सडलेलं असतं. त्यानं पहिल्यांदा स्वतः तुकडा गिळला तेव्हा वनरक्षकानं व्हिडिओ काढून साहेबांना पाठवला.

परवानगी आल्यावर सोडायचा कुठं यावर वाद झाला. मी म्हटलं, नान्नजच्या माळावर. तिथं सरडे आहेत, चंडोल आहेत, उंदीर आहेत.

"सर, वीस-पंचवीस किलोमीटर तर आहे. मनात आलं तर संध्याकाळच्या आत गिरणीवर परत येईल तो."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी नान्नजलाच सोडला.