बिस्किटांच्या डब्यातली जुनी ब्रिटिश नाणी : आठ महिन्यांची नोंद

गेल्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅममधल्या एका घरसामानाच्या लिलावात मी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा विकत घेतला. आत १६३ नाणी होती आणि त्यांतले एकही पाकिटात नव्हते; व्हिक्टोरिया राणीच्या पेन्या, पाचव्या आणि सहाव्या जॉर्जची शिलिंगे, काही फार्दिंगे (पाव पेनीची नाणी) आणि तळाशी ओळख न पटणारे काळपट तुकडे, असे सगळे एकमेकांवर घासत पडले होते. प्रत्येक नाणे ओळखायचे, त्याची प्रामाणिक किंमत लिहायची आणि पुढे ते खराब होणार नाही अशा रीतीने ठेवायचे, असे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. जूनअखेर १५१ नाण्यांची नोंद पूर्ण झाली आहे. या कामात जे हाती लागले आणि जे माझ्या हातून बिघडले, ते दोन्ही येथे मांडतो.

सुरुवात वजनापासून केली, कारण वर्ष झिजून जाते, चेहरा सपाट होतो, पण वजन बरेचसे टिकते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा तराजू, व्हर्नियर कॅलिपर आणि दहापट भिंग एवढ्या साधनांवर भागले. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान पद्धत येईपर्यंत पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स असत. घरात आणे-पैचा हिशेब ऐकलेल्यांना हे अवघड वाटू नये, कारण आपल्याकडेही आण्याच्या १२ पै होत्याच. १८१६ नंतरच्या चांदीच्या नाण्यांत मोठी सोय ही आहे की वजन दर्शनी किमतीच्या प्रमाणात ठेवलेले असते: सिक्सपेन्स २.८३ ग्रॅम, शिलिंग ५.६६, फ्लोरिन (दोन शिलिंग) ११.३१ आणि हाफ-क्राऊन (अडीच शिलिंग) १४.१४. मात्र चांदी किती, हे वजन सांगत नाही. ते वर्षावरून ठरते. १९१९ पर्यंत शुद्धता ९२.५ टक्के होती. पहिल्या महायुद्धानंतर चांदी इतकी महागली की नाण्यातल्या धातूची किंमत दर्शनी किमतीच्या वर जाऊ लागली, म्हणून १९२० पासून ती ५० टक्क्यांवर आणली गेली. १९४७ पासून तर चलनी नाण्यांत चांदी उरलीच नाही, तांबे आणि निकेल आले. या तिन्ही काळांत वजने तीच राहिली. माझ्या डब्यात १८१६ ते १९१९ या काळातली २ हाफ-क्राऊन, १ फ्लोरिन, ४ शिलिंगे आणि ३ सिक्सपेन्स निघाली. त्यांचे वजन ७०.७ ग्रॅम भरायला हवे होते, झिजेमुळे ते ६८.२ भरले. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ६३ ग्रॅम. ही त्या ढिगाची खालची मर्यादा. याहून कमी दराने ती नाणी कोणी मागितली तर मी नम्रपणे नकार देतो.

डब्यात सोने नव्हते, पण अर्ध्या सॉव्हरिनच्या, म्हणजे दहा शिलिंगांच्या सोन्याच्या नाण्याच्या, दोन सावल्या होत्या, आणि माझ्या दोन्ही चुका त्यांच्यापाशीच झाल्या. पहिली सावली म्हणजे १८८७ चे एक पिवळसर नाणे. दर्शनी बाजूला लहान मुकुट घातलेली राणी, मागे मुकुटाखाली राजचिन्हाची ढाल, आणि किंमत कोठेही लिहिलेली नाही. ती संपूर्ण संध्याकाळ मी स्वतःला अर्ध्या सॉव्हरिनचा मालक समजत होतो. तराजू काढला तेव्हा काटा २.७९ ग्रॅमवर थांबला. अर्ध्या सॉव्हरिनचे वजन ३.९९ ग्रॅम असते. झाले होते ते असे. राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात जोसेफ एडगर बोह्म या शिल्पकाराने केलेले राणीचे नवे मुखचित्र नाण्यांवर आले, आणि सिक्सपेन्सच्या मागच्या बाजूची ढाल अर्ध्या सॉव्हरिनच्या ढालीशी फार जुळती निघाली. आकारही जवळपास तोच असल्यामुळे लोकांनी सिक्सपेन्सला सोन्याचा मुलामा देऊन ती दहा शिलिंगांना खपवायला सुरुवात केली. त्याच वर्षी ते नाणे मागे घेऊन ‘सिक्स पेन्स’ अशी अक्षरे आणि पानांची वेल असलेले नवे नाणे काढावे लागले. माझ्या नाण्याच्या अक्षरांच्या खाचांत अजून मुलामा शिल्लक आहे. मागे घेतलेले म्हणून ते दुर्मिळ असेल असा समज सहज होतो, परंतु लोकांनी आठवण म्हणून ते इतके जपून ठेवले की चांगल्या अवस्थेतली नाणी आजही सहज मिळतात. मुलाम्याने माझ्या नाण्याची किंमत उलट कमीच होते. तरी मी ते विकणार नाही.

दुसरी सावली फार्दिंगाची, आणि ती चूक भरून येणारी नाही. १९०३ चे एक फार्दिंग मिट्ट काळे होते. लहानपणी दिवाळीच्या आधी तांब्याची घंगाळे चिंच आणि मिठाने घासण्याचे काम माझ्याकडे असे. त्याच सवयीने मी चिंचेचा कोळ केला आणि नाणे दहा मिनिटे त्यात ठेवले. बाहेर आले ते गुलाबी, कोरडे आणि निर्जीव दिसणारे नाणे. तो काळेपणा मळ नव्हताच. नवे कोरे पिवळे फार्दिंग अर्ध्या सॉव्हरिनसारखे दिसते, म्हणून १८९७ पासून १९१८ पर्यंत टांकसाळीनेच फार्दिंगांवर मुद्दाम काळा थर चढवला होता. तो मूळ थर जवळजवळ अखंड असलेले नाणे मी धुऊन टाकले. घंगाळ लखलखीत झाले की घरात कौतुक होते. नाणे लखलखीत झाले की जाणकार ते एकदाच भिंगाखाली धरतो आणि काही न बोलता परत देतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या, म्हणजे १९४४ ते १९४६ च्या पेन्याही टांकसाळीतच काळवंडून बाहेर पडत, हे मी नंतर वाचले. सुदैवाने त्या तोवर चिंचेपर्यंत पोचल्या नव्हत्या.

सर्वांत जास्त वेळ गेला तो १८८२ च्या एका पेनीवर. १८६० साली जाड तांब्याच्या पेनीऐवजी ९.४ ग्रॅमची, ३०.८ मिलिमीटर व्यासाची कांस्य पेनी आली आणि १८९४ पर्यंत तिच्यावर अंबाडा घातलेली तरुण राणी राहिली; इंग्रज संग्राहक या पेन्यांना ‘बन’ म्हणतात. १८८२ मध्ये लंडनच्या टांकसाळीत नवी यंत्रे बसवण्याचे काम चालू होते, त्यामुळे त्या वर्षीच्या पेन्या बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीने पाडल्या आणि वर्षाच्या खाली एच हे इवलेसे अक्षर ठेवले. एच नसलेली १८८२ ची पेनी अत्यंत दुर्मिळ आहे आणि तिची किंमत नेहमीच्या पेनीच्या अनेक पटींनी असते. माझ्या पेनीवर एच दिसत नव्हता. येथे कोणाही संग्राहकाच्या छातीत धडधडेल, माझ्याही धडधडले. पण पेनीच्या मागच्या बाजूला ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीमूर्तीच्या, पायाशी असलेला हा भाग झिजण्याच्या दृष्टीने फार वाईट जागी आहे, आणि काही लोक कानशीने तो एच घासूनही टाकतात. मी खोलीतले दिवे मालवले, विजेरी टेबलाच्या पातळीवर आडवी धरली आणि नाणे हळूहळू फिरवले. चौथ्या फेरीत दोन उभ्या रेषांच्या तळाची किंचित सावली पडली. एच होता. या आडव्या प्रकाशाची सवय मला त्या दिवसापासून लागली. हीटनच्या एचसाठी १८७४, १८७५, १८७६, १८८१ आणि १८८२ ही वर्षे तपासावीत. १९१२, १९१८ आणि १९१९ च्या पेन्यांवर तो वर्षाच्या डावीकडे असतो, आणि शेवटच्या दोन वर्षांत त्याच जागी के आणि एन ही अक्षरे दिसली तर ती पेनी किंग्ज नॉर्टन या दुसऱ्या टांकसाळीची. हीटनची टांकसाळ माझ्या घरापासून फार दूर नव्हती. इकनील्ड स्ट्रीटवरून जाताना मी आता त्या विटांच्या इमारतीकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

हीटन यांनी १८५० मध्ये ज्या टांकसाळीची वाफेवरची दाबयंत्रे लिलावात विकत घेतली, ती बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांची सोहो टांकसाळ, आणि तिचेही एक नाणे डब्याच्या तळाशी होते. १७९७ ची ती पेनी पाहणाऱ्याला क्षणभर गाडीचे चाकच हातात दिल्यासारखे वाटते, आणि तिचे लौकिक नावही तेच आहे. व्यास ३६ मिलिमीटर, कडेला रुंद पट्टा, त्यात खोल कोरलेली अक्षरे आणि वजन बरोबर एक औंस, म्हणजे २८.३५ ग्रॅम, माझी पेनी २६.९ भरते. मुंबईकर आणि पुणेकर संग्राहकांसाठी एवढेच जोडतो की याच सोहो टांकसाळीने १७९१ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तराजूच्या छापाची तांब्याची नाणी पाडून जहाजाने पाठवली होती, आणि १८२० च्या दशकात मुंबईत उभ्या राहिलेल्या टांकसाळीची यंत्रेही बोल्टन आणि वॅट यांच्या कारखान्यातूनच आली. ती तराजूछाप नाणी आपल्याकडच्या जुन्या संग्रहांत पुष्कळ आहेत.

ज्या फ्लोरिनवर वर्ष सापडत नव्हते त्याचा उलगडा सोपा निघाला. १८५१ पासून १८८७ पर्यंतच्या फ्लोरिनांवर वळणदार गॉथिक लिपीत मजकूर असतो आणि वर्ष रोमन अंकांत लेखाच्या शेवटी दडलेले असते. माझे १८७२ चे निघाले. तिसऱ्या विल्यमचे १६९७ चे एक सिक्सपेन्सही आहे आणि राजाच्या खांद्याखाली बी हे अक्षर आहे. लोक कडा कातरून चांदी चोरत असल्यामुळे १६९६ पासून जुनी नाणी वितळवून नवी पाडली गेली, त्या वेळी आयझॅक न्यूटन टांकसाळीचे वॉर्डन, म्हणजे देखरेख करणारे अधिकारी, होते, आणि लंडनला काम आवरेना म्हणून ब्रिस्टल, चेस्टर, एक्झिटर, नॉर्विच आणि यॉर्क येथे तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या होत्या. बी म्हणजे ब्रिस्टल. हे सिक्सपेन्स दोन ठिकाणी मुडपलेले आहे, ते मी सरळ केलेले नाही आणि कोणी करूही नये. प्रेयसीला देण्यासाठी असे नाणे मुडपण्याची रीत इंग्लंडमध्ये होती, आणि अशा नाण्यांचे वेगळे संग्राहक आहेत.

आपल्या वाचकांना स्वस्तात जमवता येईल अशी एक जोडी सुचवतो. १८९३ पासून ब्रिटनच्या नाण्यांवर ‘इंड इम्प’ ही अक्षरे येतात, अर्थ हिंदुस्थानचा सम्राट किंवा सम्राज्ञी. स्वातंत्र्यानंतर २२ जून १९४८ च्या घोषणेने ही पदवी गेली, आणि १९४९ च्या नाण्यांवरून अक्षरेही गेली. १९४८ आणि १९४९ ची दोन हाफ-क्राऊन मी शेजारी शेजारी ठेवली आहेत. बाजारभावाने दोन्ही मिळून एका चहाच्या किमतीची असतील.

किमतीबद्दल माझे मत आता बरेच कडक झाले आहे. वर्ष किंवा राजा पाहून भाव ठरत नाही, अवस्था आणि दुर्मिळता मिळून तो ठरवतात, आणि अवस्थेच्या बाबतीत आपण सगळेच स्वतःच्या नाण्यांवर माया करतो. ब्रिटिश पद्धतीत फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड अशा चढत्या पायऱ्या आहेत. बन पेनीवर मी राणीच्या कानावरचे केस आणि ब्रिटानियाच्या छातीवरच्या वस्त्राच्या चुण्या पाहतो. केसांची एकसंध गादी झाली असेल तर नाणे फाइनच्या वर लिहीत नाही. घासून उजळलेल्या नाण्याला मी किंमत लावतच नाही, केवळ धातूचे वजन लिहितो. कॅटलॉगमधला आकडा हा दुकानदाराने विकण्याचा असतो, तुम्हाला मिळण्याचा नव्हे, आणि ऑनलाइन मागितलेल्या किमतीपेक्षा प्रत्यक्ष विक्री झालेली किंमत तेवढी खरी मानावी. या रीतीने डब्यातली ११० हून अधिक नाणी ‘साधारण’ या रकान्यात गेली. १९०५ च्या हाफ-क्राऊनसारखे खरोखर दुर्मिळ काही निघाले नाही. शिवाय त्याच्या नकला इतक्या आहेत की निघाले असते तरी आधी संशयच घेतला असता.

जपणुकीचे काम चालूच आहे. डब्यातली सात नाणी पूर्वी कधीतरी मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये राहिली असावीत, कारण त्यांच्यावर हिरवट चिकट थर होता. पीव्हीसीतून सुटणारा हा द्रव धातूला खातो. काचेच्या बरणीत, खिडकी उघडी ठेवून आणि आसपास ज्योत नसताना ती शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये ठेवली, नंतर ऊर्ध्वपातित पाण्यातून काढली आणि न पुसता कोरडी होऊ दिली. थर गेला, छाप तसाच राहिला. दोन पेन्यांवर मात्र फिकट हिरवी पूड दिसते, हा साधा कळंक नाही, कांस्याचा रोग आहे. कळकलेल्या भांड्यासारखा तो वरवरचा नसतो आणि ओलाव्यात वाढत जातो, म्हणून त्या दोघी वेगळ्या डबीत सिलिका जेलसह ठेवल्या आहेत. बाकी नाणी पॉलिएस्टरच्या पाकिटांत आणि आम्लरहित कागदात आहेत. खण असलेली पेटी करून घ्यायची आहे. ओकच्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाने धातू बिघडतो, म्हणून महॉगनीचा शोध चालू आहे. नाणे नेहमी कडेला धरायचे, खाली मऊ कापड अंथरायचे, आणि बोलताना नाण्यावर तोंड न्यायचे नाही, कारण थुंकीचा शिंतोडा वर्षभराने काळा ठिपका होऊन उमटतो.

उरलेल्या १२ तुकड्यांपैकी एक हातोड्याने पाडलेला, कागदासारखा पातळ आणि २.६८ ग्रॅम वजनाचा आहे. पहिल्या एलिझाबेथच्या डोक्यामागे गुलाब आहे, म्हणजे ते शिलिंग किंवा ग्रोट (चार पेन्सचे नाणे) नव्हे, आणि आकारावरून सिक्सपेन्सच. ढालीच्या वरच्या वर्षातला तिसरा अंक गेलेला आहे, उरले ते १, ५ आणि २. लेखाच्या आरंभी टांकसाळीची खूण म्हणून उघडा पंजा असावा असे आडव्या प्रकाशात दिसते. तसे असेल तर ती १५९० ते १५९२ ची खूण आहे आणि गेलेला अंक ९ ठरतो. पुढच्या आठवड्यात उजेडाची दिशा बदलून पंजाची बोटे पुन्हा मोजणार आहे.