खिशातली धार

‘खिशात चाकू असतो माझ्या’ असं म्हटलं की समोरचा माणूस पाऊलभर मागे सरकतो. त्याचा दोष नाही, रामपुरीनं चाकूची अब्रू कधीच घालवली आहे. तिकडे कोकणात मात्र कमरेच्या आकडीला कोयती अडकवून माणूस भर बाजारातून जातो आणि कुणी वळूनही बघत नाही. जुन्या मंडळींच्या चंचीत पान-सुपारीबरोबर अडकित्ता असायचाच, त्यालाही कुणी कधी भ्यायलं नाही.

माझी कामं साधी. पार्सलचे खोके, सुतळी, नळाची टेप आणि गॅलरीत थाटलेलं थोडंफार लाकूडकाम. पण यासाठी पातं निवडायला गेलं की मन आधी मिटत्या चाकूंकडे धावतं. फ्रान्सच्या साव्वामधला ओपिनेल घ्या. १८९०पासून जवळजवळ त्याच रूपात बनतोय. लाकडी मूठ, पातळ पातं आणि १९५५मध्ये आलेली फिरवून अडकवायची कडी. हातात घेतला की ठेववत नाही. पण त्याचं कार्बन स्टीलचं पातं आपल्या हवेत फार मानी वागतं. कैरी चिरा आणि तसाच ठेवा, पातं काळंनिळं पडलंच म्हणून समजा. पावसाळ्यात मूठ फुगते आणि पातं आत असं रुतून बसतं की उघडायला नखांची परीक्षा. शिवाय अशा देखण्या चाकूनं खोक्याची चिकटपट्टी कापताना जीव होत नाही. आपण चाकू वापरायचा सोडून त्याला जपत बसतो.

म्हणून माझं मत कटरच्या बाजूनं. साधा, पातं पुढे सरकवायचा, बोथट टोक मोडून टाकायचा कटर. हा घराघरात, दुकानादुकानात इतका रुळलाय की त्यामागे कुणाचं डोकं असेल असं मनातही येत नाही. ओसाकाच्या छापखान्यात कागद कापणाऱ्या योशिओ ओकाडा यांना, दाढीची ब्लेडं दोन-चार कापांत बोथट होऊन फेकावी लागतात, हे खटकत होतं. चांभार काचेच्या तुकड्यानं बुटाचा तळ खरवडतात आणि धार गेली की काच मोडून नवी कड काढतात, हे त्यांनी पाहिलेलं. अमेरिकी सैनिकांकडची खाचा पाडलेली चॉकलेटची वडीही डोळ्यांपुढे होती. १९५६मध्ये त्यांनी या दोन्हींची सांगड घालून रेघांवर तुकड्यातुकड्यानं मोडणारं पातं बनवलं. पुढे ९ आणि १८ मिलिमीटर ही पात्यांच्या रुंदीची मापं इतकी रूढ झाली की आज एका कंपनीच्या कटरमध्ये दुसरीचं पातं सहसा निमूट बसतं.

खिशासाठी ९ मिलिमीटर पुरतो. लाकूड, रबर, जाड पुठ्ठा असेल तर १८च हवा, त्याचं पातं अर्धा मिलिमीटर जाड असतं आणि दाब दिला तरी सहसा वाकत नाही. दुकानात रंग बघू नये. पातं दोन खाचा बाहेर काढावं आणि चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून बघावं. खुळखुळलं तर कटर परत ठेवावा, रेघ सरळ येणार नाही. आपोआप अडकणारा खटका हलक्या कामाला सोयीचा. जोर लावायचा तर फिरकीनं आवळायचा घ्यावा, भर कापात पातं आत सरकलं तर पहिला बळी बोटाचा.

लाकूडकामात खूण करायलाही कटरच बरा. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, पात्याच्या रेघेला जवळजवळ नसते. गुण्याला, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीला लावून सागवानावर पातं हलकेच एकदा ओढा, मग त्याच रेघेत पुन्हा जरा दाबून. तंतू कापले जाऊन बारीक खाच पडते आणि पटाशी लावली की तिचं टोक आपसूक त्या खाचेत उतरतं. सांध्याची कड मग झडत नाही. आमच्याकडे येणारे मिस्त्री हे काम हॅक्सॉच्या मोडक्या पात्यावर करतात. ग्राइंडरवर धार काढलेली आणि मुठीच्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळलेली. माझा कटर त्यांनी उलटसुलट करून पाहिला, किंमत विचारली, “बरा आहे, साहेब” म्हणाले आणि आपलं पातं उचललं!

धार सगळ्यात लवकर कशानं जाते, तर खोक्यांनी. पुठ्ठ्यात खनिज भुकटी आणि माती-कचकच असते, ती पात्याला खाते. त्यामुळे पुठ्ठा कापलेल्या टोकानं लाकडाला हात लावायचा नाही. टोक मोडून टाकायचं. लोक इथेच कंजुषी करतात आणि बोथट पात्यावर अंगठ्याचा जोर लावतात.

मोडण्यासाठी कटरच्या मागच्या टोपणाला खाच असते, बऱ्याच जणांचं तिकडे लक्षच जात नाही. टोपण नाही तर पक्कड. पातं त्याच्यावरच्या मोडायच्या रेघेशी धरायचं, तोंड बाजूला, डोळ्यांवर चष्मा. मोडलेली टोकं मी कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. झाकणाला फट पाडली आहे. डबा भरला की टेपनं घट्ट बंद करायचा, वर ‘ब्लेड’ लिहायचं आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात सांगूनच द्यायचा. त्या कचरा हातानं निवडतात.