रूम टेंपरेचर

घोडीची पहिली सात बीजांडं माझ्या टेबलावर वाया गेली. प्रोटोकॉलमध्ये लिहिलं होतं, रात्रभर रूम टेंपरेचरला ठेवा, आणि मी ठेवली. नांदेडजवळची लॅब, एप्रिलचा महिना. रात्री साडेअकराला लाइट गेली. इन्व्हर्टर इनक्युबेटरला जोडलेला होता, एसीला नव्हता. सकाळी खोलीत ३३ अंश होते. प्रोटोकॉल ज्या देशात लिहिला गेला तिथे रूम टेंपरेचर म्हणजे २० ते २२. आपल्याकडे या शब्दाला काही अर्थच नाही, हे त्या सकाळी कळलं. बीजांडं मोजून घेतली, पुढच्या मीडियात, म्हणजे पोषक द्रवात टाकली, पण एकही नीट पिकलं नाही, फलनाला तयार झालं नाही.

मी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. सहा वर्षं म्हशीच्या आयव्हीएफचं, म्हणजे बीजांड आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणून भ्रूण घडवण्याचं काम केलं. कत्तलखान्यातून थर्मासमध्ये अंडाशयं आणायची, सुईने बीजांडं ओढायची, ३८.५ अंशांवर चोवीस तास पिकवायची, हेपरिन देऊन फलनासाठी तयार केलेले शुक्राणू सोडायचे. हात बसला होता. मग लोह्याकडचे एक मामा आले. त्यांच्या वडिलांनी माळेगावच्या यात्रेत एक घोडी घेतली होती, तिची ही नात. वय एकोणीस. तीन हंगाम भरवली, पण गर्भाशयात पू होतो, राहतच नाही. मामा म्हणाले, "ताई, हिच्या रगताचं एक शिंगरू पाहिजे बघा. वाढंना का दुसरीच्या पोटात."

दुसरीच्या पोटात वाढवणं आपल्या देशात नवीन नाही. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेरच्या केंद्रात १९ मे २०२३ रोजी राज-प्रथमा ही मारवाडी शिंगरी अशीच जन्मली, २३ किलोची. पण तिथे भ्रूण घोडीच्या गर्भाशयातून धुऊन काढला होता. मामांच्या घोडीचं गर्भाशयच खराब, म्हणजे बीजांड बाहेर काढून भ्रूण लॅबमध्येच घडवायला हवा. मी हो म्हणाले तेव्हा मला वाटत होतं की काम म्हशीचंच आहे, फक्त जनावर वेगळं.

मग वाचायला बसले आणि झोप उडाली. घोड्याचं पहिलं आयव्हीएफ शिंगरू १९९० साली फ्रान्समध्ये जन्मलं. त्या पद्धतीने आणखी एक झालं आणि गाडी तिथेच अडकली. तीस वर्षं जगभरच्या लॅबना ते पुन्हा नीट जमलं नाही. कारण घोड्याचा शुक्राणू डिशमध्ये बीजांडाचं कवच भेदतच नव्हता. म्हशीला चालणारं हेपरिन इथे कुचकामी. लोकांनी वाट वळवली आणि सूक्ष्म सुईने एकेक शुक्राणू आत सोडायला लागले, ती इक्सी. त्या सुईचं यंत्र आमच्याकडे नाही. २०२२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने साधं आयव्हीएफ पुन्हा जमवून दाखवलं आणि शिंगरं जन्मली. किल्ली काय, तर शुक्राणूंना पेनिसिलामाइन, हायपोटॉरिन आणि एपिनेफ्रिन असलेल्या मीडियात २२ तास ठेवायचं आणि मग बीजांडांजवळ सोडायचं. बावीस तास! म्हशीत मी वीर्य धुतल्यावर त्याच दुपारी डिशमध्ये सोडत होते.

या कामात म्हशीची घाई चालत नाही, हे मला टप्प्याटप्प्याने शिकावं लागलं. बीजांड काढण्यापासूनच. घोडीला भूल देऊन, अल्ट्रासाउंडवर बघत, योनीमार्गे सुई फॉलिकलमध्ये, म्हणजे अंडाशयातल्या बीजांडाच्या पाणीदार पिशवीत घालायची. म्हशीत ओढलं की येतं. घोडीत ते भिंतीला घट्ट चिकटलेलं असतं. फॉलिकल पुन्हा पुन्हा धुवायचं, सुई फिरवत भिंत खरवडायची, तेव्हा कुठे एखादं सुटतं. एकीकडे माझे सहकारी गुदमार्गे हात घालून अंडाशय धरून उभे. दुसऱ्या खेपेला दीड तासात त्यांचा खांदा भरून आला, आणि हातात आली आठ बीजांडं.

या वेळी मी रूम टेंपरेचरवर विसंबले नाही. थर्मोस्टॅटचा छोटा डबा घेतला, २१ अंशांवर लावला आणि इन्व्हर्टरवर टाकला. या थंडाव्यात बीजांड पिकत नाही, थांबून राहतं. त्यामुळे आपल्याला सोयीच्या वेळी पुढचं काम सुरू करता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिकवायच्या मीडियात, ३८.२ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्याच दिवशी दुपारी गावातल्या घोड्याचं ताजं वीर्य आणलं. एपिनेफ्रिन उजेडात खराब होतं म्हणून खिडकीला काळा कागद लावला, नळ्यांना फॉइल गुंडाळलं. मग बावीस तास काहीही करायचं नाही. मला तेच सगळ्यात अवघड गेलं. रात्री तीनदा उठून इनक्युबेटरच्या काचेतून आकडा बघितला, दार मात्र उघडलं नाही. दार उघडलं की गॅस जातो आणि मीडियाचा रंग गुलाबी व्हायला लागतो. आम्लता बिघडल्याची ती खूण. केशरट राहिला म्हणजे बरं आहे.

हवा आणि पाणी यांनी जेवढं छळलं तेवढं बीजांडांनी नाही. आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार किती आहे हे गिझरची कॉइल बघूनच कळतं, त्यामुळे मीडियासाठी पाणीही विकतचं, कल्चरच्या दर्जाचं. उन्हाळ्यात एसीच्या झोतात मीडियाचे पन्नास मायक्रोलिटरचे थेंब टाकले तर त्यांना झाकणारं तेल चढवेपर्यंत पाणी उडतं आणि क्षार वाढतात. म्हणून एका वेळी चारच थेंब, लगेच तेल. फिनाईल बंद केलं. अगरबत्ती, रंग, अत्तर सगळं बंद, कारण तो वास तेलात मुरतो आणि तेलाखाली भ्रूण असतो. लॅबमधल्या मावशींना हे सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीतबी आम्ही धूर करीत न्हाई जास्त." त्यांना माझ्याआधी समजलं होतं.

भ्रूणासाठी ऑक्सिजनही कमी हवा. बाहेरच्या हवेत २१ टक्के, गर्भनलिकेत त्याहून खूप कमी. आमचा इनक्युबेटर साधा. म्हणून ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन असं तयार मिश्रण सिलिंडरमध्ये मागवलं. एका हवाबंद पेटीत डिश ठेवायची, मिश्रण भरायचं, पेटीच इनक्युबेटरमध्ये. साधनं कमी असणाऱ्यांनी हा मार्ग जरूर वापरावा, तो खरंच चालतो. आणि एक गोष्ट मला फार सुंदर वाटली. गाईच्या कोवळ्या भ्रूणाला जास्त ग्लुकोज सोसत नाही, घोड्याचा भ्रूण मात्र पुढच्या दिवसांत चांगल्या गोड मीडियात वाढतो.

आठांपैकी तिघांचं विभाजन झालं. घोड्याचं बीजांड चरबीने काळंभोर असतं, आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि विभाजन दिसलं म्हणजे फलन झालंच असंही नसतं. दोन चार-पेशींवर थांबले. तिसरा वाढत राहिला. ब्लास्टोसिस्ट, म्हणजे दुसरीच्या पोटात ठेवता येईल असा भ्रूण, व्हायला सात ते दहा दिवस लागतात. सहाव्या दिवशी तो थांबला. आणखी दोन दिवस वाट पाहिली, मग रंग देऊन फ्लुरोसंट दिव्याखाली धरला. अकरा निळी केंद्रकं, गोल, धड. म्हणजे तो तुकडे पडलेला लगदा नव्हता, खऱ्या पेशी होत्या. मी बराच वेळ डोळा आयपीसवरून काढला नाही.

मामांना फोन केला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सहा दिस जगलं म्हणता? आईबिगर?" मी हो म्हटलं. "मग घोडी कधी आणू?"

मंगळवारी घोडी येणार आहे. भ्रूणाची पेटी आता दिवसातून एकदाही उघडायची नाही असं ठरवलंय. मागच्या खेपेला चौथ्या दिवशी मी ती बघण्याच्या ओढीने उघडली होती, त्याचा त्रास झाला असावा असा माझा संशय आहे. सोमवारी सकाळी सिलिंडरचा दाब बघायचा, डबा २१ अंशांवर लावायचा आणि खिडकीचा काळा कागद एका कोपऱ्यात सुटलाय तो चिकटवायचा.