कोर्ट मार्शल कोणतं, हे आधी विचारा

बुलढाणा-वाशिमकडच्या गावात जवानाच्या कोर्ट मार्शलची खबर आली की घरचे तालुक्याच्या वकिलाकडे धावतात. त्याआधी प्रकार विचारा. आर्मी अ‍ॅक्ट, १९५० मध्ये चार आहेत: समरी, डिस्ट्रिक्ट, जनरल आणि समरी जनरल.

जवानाच्या बाबतीत समरी कोर्ट मार्शल नीट समजून घ्या. त्यात युनिटचा कमांडिंग ऑफिसर (सीओ) एकटाच कोर्ट. आणखी दोन अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदारासारखे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) पूर्णवेळ हजर असतात, पण निकालात त्यांचं मत नसतं. शिक्षेला वरिष्ठांची मंजुरी सहसा लागत नाही, ती लगेच लागू होऊ शकते. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद, खालचा असेल तर तीन महिने. म्हणून सीओची रँक जरूर विचारा.

डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये किमान तीन अधिकारी, प्रत्येकाची दोन वर्षं कमिशन्ड (अधिकारी म्हणून) सेवा. कैद दोन वर्षांपर्यंत. जनरलमध्ये किमान पाच, प्रत्येकाची तीन वर्षं सेवा, चार जण कॅप्टन किंवा वरचे, शिवाय जज अ‍ॅडव्होकेट (कोर्टाला कायदेशीर सल्ला देणारा) हवाच. समरी जनरलला किमान तीन अधिकारी.

या तिन्हींत एखाद्या सदस्यावर आरोपी सुरुवातीलाच हरकत घेऊ शकतो. समरीत ती सोय नाही, आणि हे मला फार खटकतं.